वॅट खोलीवर नाही, स्पीकरवर ठरवा

अँप (स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर) निवडण्यावरच्या या लेखात छोट्या खोलीला ४० वॅटचा अँप पुरे असं सरसकट म्हटलंय. नेहमीच्या खोक्याच्या स्पीकरला ठीक, प्लेनरला, म्हणजे खोक्याविना पातळ सपाट पॅनेलच्या स्पीकरला, हे पटत नाही. मॅग्नेपॅन एलआरएस या प्लेनरची संवेदनशीलता (ठरावीक विजेवर किती मोठा आवाज देतो ते) ८६ डेसिबल दिलेली असते, पण ती २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) अशा स्पीकरला तेवढ्यात २ वॅट जातात, म्हणजे एका वॅटला ८३च धरायचे. सरासरी आवाज बेताचा ठेवला तरी तबल्याची थाप क्षणभर १५-२० डेसिबल वर उसळते, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट वॅट! तिथे अँप कमी पडला की थाप चक्क चपटी होते. म्हणून अँपचा ८ ओहमवरचा वॅटचा आकडा बघून तो घेऊ नका. ४ ओहमला जवळपास दुप्पट वॅट देतो का, ते विचारा.

आमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये दहा बाय बाराची खोली म्हणजे चैनच. तरीही पॅनेल मागच्या भिंतीपासून निदान तीन फूट पुढे हवीत, कारण ती मागेही तेवढाच आवाज फेकतात. ही जागा देता येत नसेल तर मी प्लेनर घ्या म्हणणारच नाही. लेखकांनी ४० वॅटवर नेमकं काय ऐकलं? सतारीचा संथ आलाप की शेवटचा जलद 'झाला'?