'ॲप फुकट आहे, मग रडताय कशाला?' म्हणे!

आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज लई फिरतोय. ॲप फुकट आहेत, नाही आवडलं तर एका क्लिकवर दुसरं घ्या, कंपन्या हुशारीनं मोठ्या झाल्या तर स्पर्धा आयोग (बाजारात दादागिरी होऊ नये म्हणून लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) उगाच दंड ठोकतोय, आणि मोठ्या ॲप कंपन्यांसाठीचा डिजिटल स्पर्धा कायदा आला की आपल्या पोरांची स्टार्टअपपण बुडणार. वाचायला झकास आहे राव.

फुकट कुणाला? गिऱ्हाइकाला. राजारामपुरीतल्या हॉटेलवाल्याला विचारा की. जेवण घरपोच देणाऱ्या ॲपचं कमिशन 25 टक्के धरा, 200 रुपयांच्या मटण थाळीचे पुरते 200 हातात पडायचे तर ॲपवर 267 लावायला लागतात, नाहीतर पांढऱ्या रश्श्याची वाटी लहान करायची. म्हणजे भरतोय कोण, तुम्हीच की.

आता ते 'एक क्लिक'. खरी मेख इथंच आहे. समजा उद्या कुणी 10 टक्के कमिशनवालं ॲप काढलं, तिथं तीच थाळी 223 ला देता येईल, पण जुन्या ॲपच्या करारात 'दुसरीकडं आमच्यापेक्षा स्वस्त विकायचं नाही' अशी अट असली तर तिथंपण 267 च, मग गिऱ्हाईक नव्या ॲपवर जाईल कशाला आणि गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर हॉटेलवाला तरी तिथं कशाला थांबेल? स्पर्धा आयोगानं एप्रिल 2022 मध्ये झोमॅटो-स्विगीची चौकशी लावली त्यात हा भावाच्या अटीचा मुद्दा होताच. एका क्लिकची गोष्ट खरी आहे ती यूपीआयमध्ये, कारण भाजीवालीचा क्यूआर एकच आणि कुठलंपण ॲप चालतं.

मोठं झाल्याबद्दल दंड? आत्ताच्या स्पर्धा कायद्यात मोठं असणं गुन्हा नाहीच, त्यातलं कलम 4 मोठेपणाच्या जोरावर केलेल्या दादागिरीबद्दल आहे. गूगलला ऑक्टोबर 2022 मध्ये 1,337.76 कोटी बसले ते अँड्रॉइडबद्दल. मोबाईल कंपनीला प्ले स्टोअर पाहिजे तर गूगलची बाकीची ॲपंपण गपगुमान टाकायची, असा हिशोब होता. अपील न्यायाधिकरणानं 2023 मध्ये आयोगाचे काही आदेश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला.

आणि स्टार्टअप बुडणार हे तर काहीच्या काही. त्या डिजिटल कायद्याच्या 2024 च्या मसुद्यात पैशाची अट आहे, भारतातली उलाढाल 4,000 कोटी किंवा तसल्याच मोठ्या आकड्यांपैकी एखादा, आणि वर 1 कोटी वापरणारे नाहीतर 10,000 व्यापारी ग्राहक पाहिजेत. उद्यमनगरातल्या कुठल्या पोराचं ॲप एवढं झालंय, सांगा, पेढे मी वाटतो.

भांडायचंच असेल तर मुद्दा आहे. आज आधी चौकशी, मग दंड, आणि त्या अँड्रॉइड केसला एप्रिल 2019 पासून साडेतीन वर्षं गेली. मसुद्यात नियम दादागिरी व्हायच्या आधीच लावायचे आहेत, त्यात एखादी कामाची सोयपण बंद पडू शकते. यावर त्या मेसेजमध्ये एक ओळ नाही.