यंत्र मिळालं, पुढचं कोण बघणार?

दिव्यांग विद्यार्थ्यांना साहित्यवाटप झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातून वरचेवर येतात. मंडप, ओळीने मांडलेल्या चाकाच्या खुर्च्या, श्रवणयंत्रांची खोकी, पाहुण्यांसोबत फोटो. मग ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, अमेरिकेत बघा मुलांना काय काय मिळतं. दुसरी म्हणते, आपल्याकडे तेवढा पैसा कुठाय? अमेरिकेत राहून मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात.

इथल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात सहाय्यक तंत्रज्ञानाच्या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. एक उपकरणाची, दुसरी सेवेची. मुलाची तपासणी, उपकरण निवडणं, त्याच्या मापाने बसवणं, दुरुस्ती, मुलाला, घरच्यांना आणि शिक्षकांना ते वापरायला शिकवणं, हे सगळं सेवेत येतं. १९९७ च्या दुरुस्तीपासून प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक आराखड्यात, म्हणजे आयईपीत, तंत्रज्ञानाची गरज आहे का याचा विचार करणं शाळेवर बंधनकारक आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ काही कमी उदार नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि योग्य उपकरणं मोफत, असं त्यात आहे. पण कलमाच्या त्या ओळीत वस्तू आहेत, वस्तूनंतरचं काम नाही.

त्याने काय बिघडतं ते श्रवणयंत्रात स्पष्ट दिसतं. यंत्र टिकतं चार-पाच वर्षं, पण कानात बसणारा मोल्ड वाढत्या मुलाला काही महिन्यांतच सैल होतो. सैल मोल्डमधून आवाज बाहेर गळतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. वर्गात पोरं हसतात. घरचे आवाज कमी करतात, म्हणजे मुलाला पुन्हा ऐकू येत नाही, आणि यंत्र कपाटात जातं. दोष यंत्रात नव्हताच, नव्या मोल्डचं माप घ्यायला हवं होतं. सेलचंही तसंच. झिंक-एअर सेल हवेवर चालतो. वरची चिकटपट्टी काढून मिनिटभर उघडा ठेवायचा आणि मग यंत्रात बसवायचा. पट्टी एकदा निघाली की यंत्र बंद असलं तरी सेल उतरतच राहतो. पट्टी परत चिकटवून काटकसर होत नाही. कोकणात पावसाळ्यात घामाची आणि हवेतली ओल नळीत साचते. रात्री सेल काढून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत यंत्र ठेवायचं, एवढं कुणी सांगितलं तरी बरीच यंत्रं वाचतील.

तरीही वर्गातला प्रश्न उरतोच. श्रवणयंत्राला जवळचा आवाज नीट पकडता येतो, दीड-दोन मीटरपलीकडे बाईंच्या आवाजाइतकाच पंखाही मोठा होतो. म्हणून इथे शिक्षकांच्या गळ्यात, तोंडापासून साधारण १५ सेंटिमीटरवर, छोटा माइक असतो आणि त्यातला आवाज थेट मुलाच्या यंत्रात जातो. (शिक्षक तो बंद करायला विसरले, तर स्टाफरूममधल्या गप्पाही जातात.) हा माइक महाग आहे, पण मोल्ड आणि सेल महाग नाहीत. शालेय शिक्षणासाठीच्या केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. त्यातून मोल्ड-सेल आधी, नवं खोकं नंतर, असा क्रम लावता येईल.

अमेरिकेचं गुणगान मात्र बेतानेच करावं. या शिक्षणाच्या जादा खर्चासाठी केंद्र सरकार दर विद्यार्थी सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत देईल, असं इथे १९७५ मध्ये ठरलं आणि तो आकडा आजवर कधीच गाठला गेला नाही. सधन वस्तीतली शाळा आणि गरीब वस्तीतली शाळा यांत फरक पडतोच. कागद चोख भरलेला आणि टॅबलेट कपाटात, हे दृश्य इथेही अनोळखी नाही.

एका बाबतीत तर महाराष्ट्राचं काम अमेरिकेपेक्षा सोपं आहे. इथे पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक अनेक. दृष्टिहीन मुलांसाठी प्रत्येकाकडून ठरावीक स्वरूपातली फाइल मिळावी म्हणून २००४ मध्ये कायदा बदलावा लागला आणि केंटकीत राष्ट्रीय भांडार उभारावं लागलं. राज्य मंडळाची पुस्तकं काढणारी बालभारती एकच आहे. छपाईला जाणारी फाइल तिच्याकडेच असते.

अडचण अक्षरांची आहे. कुठलीही मराठी पीडीएफ उघडा, एक ओळ निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला अक्षरं सारखीच ओळखता येतील अशी पद्धत, नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर जुळवला असेल, तर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोड असला तरी कधी पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, कधी रफार गायब होतो. स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, नेमकं तेच वाचून दाखवतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, पेन ड्राइव्हवरूनही चालतो, त्यात मराठी आवाज आहे. यंत्रमानवी आहे खरा, पण आहे. त्याला वाचायला शुद्ध मजकूर मिळत नाही, ही खरी अडचण. पान स्कॅन करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं, करायचा म्हटला, तर स्कॅन स्पष्ट असला तरी ‘ख’चा ‘रव’ होतो, ‘ध’ आणि ‘घ’ अदलाबदल करतात, अनुस्वार उडतात. एकेक पान माणसाने तपासावं लागतं. त्यापेक्षा मूळ फाइलच युनिकोडमध्ये असावी, धड्यांची नावं शीर्षक म्हणून खुणावलेली असावीत, प्रत्येक चित्राखाली दोन ओळींचं वर्णन असावं आणि छापील पुस्तकासोबतच ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, निघावं. हे अमेरिकेतून कुणी करून देणार नाही.

शेवटी सगळं अडतं ते परीक्षेपाशी. आपल्याकडची चर्चा लेखनिक कसा मिळवायचा आणि तासाला २० जादा मिनिटं मिळतात की नाही, यावरच थांबते. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र संगणकावर पेपर लिहिण्याचा पर्यायही होता आणि संगणक आदल्या दिवशी तपासून बघण्याची मुभाही. इथे सवलत ठरवताना पहिला प्रश्न असतो, मूल रोज वर्गात काय वापरतं? ते टाइप करत असेल, तर परीक्षेतही टाइपच करणार. ‘यंत्राची सवय लागली की हात लिहायचा थांबेल’ ही पालकांची भीती समजते, पण ज्या मुलाची अर्धी ताकद अक्षर वळवण्यातच जाते, त्याला उत्तर येतं की नाही हे वहीवरून कळतच नाही. टायपिंगची सवय मात्र दहावीच्या जानेवारीत लागत नाही, ती पाचवी-सहावीत लावावी लागते. इन्स्क्रिप्ट की फोनेटिक, कुठला कीबोर्ड, तेही तेव्हाच ठरवा. नाहीतर परीक्षा केंद्रावरच्या संगणकात दुसराच निघतो आणि पहिली २० मिनिटं ‘ज्ञ’ शोधण्यात जातात.