प्रागचा किल्ला चाळीस मिनिटांत कसा उरकावा

येत्या सुट्टीत 'ईस्टर्न युरोप' करताय? बुडापेस्ट, व्हिएन्ना, प्राग, एका दमात? छान. मी नुकतीच करून आले आहे, अजून पाय दुखतायत आणि डोकं त्याहून जास्त. ते शांत व्हायच्या आत प्रागच्या किल्ल्याविषयी चार उपयुक्त सूचना करून ठेवते. तुमच्या कामी येतील.

सगळ्यात आधी, कार्यक्रमपत्रिका वाचायची नाही. तीत 'प्राग कॅसल' हे शब्द ठळक छापलेले असतात, सोबत किल्ल्याचा संध्याकाळचा सोनेरी फोटो असतो आणि कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत 'फोटो स्टॉप' असं लिहिलेलं असतं. तिकडे नजर गेलीच तर चष्मा काढून ठेवावा. 'आत जायचंय ना?' असं बुकिंगच्या वेळी विचारू नये. मी विचारलं होतं. 'मॅडम, सगळं कव्हर होतं,' असं उत्तर मिळालं.

सगळं म्हणजे काय, तर गिनीज बुकात जगातला सर्वांत मोठा प्राचीन किल्ला म्हणून नोंद असलेला, जवळजवळ ७० हजार चौरस मीटरांचा पसारा. नवव्या शतकापासून तिथे कोणी ना कोणी राज्य करतंय, आजही चेक राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय तिथेच आहे. एकामागे एक तीन चौक, जुना राजवाडा, कॅथेड्रल, ९२० सालच्या सुमाराला स्थापन झालेली सेंट जॉर्जची बॅसिलिका, गल्ल्या, बागा. किल्ल्याच्या तिकिटावर दोन दिवस आत जाता येतं. चेक लोक तसे भाबडे, त्यांना वाटतं माणसाला हे सगळं बघायला दुसरा दिवससुद्धा लागेल. आपल्याला चाळीस मिनिटं मिळतात. त्यातली पाच 'आपले सगळे आले का?' यात जातात.

आत शिरल्या शिरल्या निराश व्हायला विसरू नका. 'हा कसला किल्ला? तटबंदी कुठंय? बुरूज कुठंय?' असं मोठ्याने म्हणायचं. मग, 'आपल्या रायगडापुढे काय आहे हो हे!' आमच्या ग्रुपमधल्या ज्या गृहस्थांनी हे वाक्य तिथल्या तिथे तीनदा ऐकवलं, त्यांना मी विचारलं, रायगड कधी केलात? म्हणाले, रोपवेने गेलो होतो, फार ऊन होतं, लगेच उतरलो. बरोबरच आहे. अभिमान बाळगायला गड चढावा लागत नाही.

पहाऱ्यावरच्या शिपायाच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढा. तो हलत नाही म्हणजे त्याची परवानगी आहे.

आता सेंट व्हायटस कॅथेड्रल. दुसऱ्या चौकातून बोळकांडीने बाहेर पडलात की ते एकदम नाकासमोर उभं राहतं. मागे सरकायला जागाच नाही, त्यामुळे दोन्ही मनोरे फ्रेममध्ये मावत नाहीत. यावर आपल्या लोकांनी उपाय शोधलाय. नवरा फरसबंदीवर उताणा झोपतो, फोन छातीवर उलटा धरतो आणि 'जरा हनुवटी वर कर' असं ओरडतो. बायको गॉगल डोक्यावर चढवून हात पसरते. मागून आलेली शाळेची पोरं त्याला ओलांडून जातात. फोटो झाला की उठायचं, पँट झटकायची आणि परत फिरायचं. या कॅथेड्रलचा पाया १३४४ साली घातला गेला आणि काम पुरं झालं १९२९ साली. पाचशे पंच्याऐंशी वर्षं. त्यातही गंमत अशी, की आपण ज्या दर्शनी भागासमोर आडवे होतो तो सगळ्यात नवा आहे, १८७३ नंतर उभारलेला. चौदाव्या शतकातल्या चौथ्या चार्ल्स बादशहाच्या काळातलं, पीटर पार्लर या वास्तुकाराच्या हातचं जुनं काम पलीकडच्या टोकाला आहे. उजवीकडून पन्नास पावलं चालून गेलं तर दक्षिणेच्या सोनेरी दारावर १३७० च्या सुमाराचं अंतिम न्यायाचं मोझेक दिसतं. पण पन्नास पावलं म्हणजे जाऊन-येऊन शंभर. कशाला?

कॅथेड्रलच्या आत दाराजवळचा थोडा भाग फुकट बघता येतो, पुढे दोरी लावलेली असते आणि तिकीट लागतं. फुकट भागात गर्दी करून, फोन डोक्यावर धरून, झूम करून बघा. आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराने रंगवलेली काचेची खिडकी दोरीपलीकडे. नेपोमुकच्या सेंट जॉनची चांदीची समाधी दोरीपलीकडे, दोनएक टन चांदी आहे म्हणे. सेंट वेन्सेस्लासचं रत्नजडित चॅपेलही पलीकडेच. तिथूनच राजमुकुटाच्या खोलीकडे जाणारं दार आहे. त्याला सात कुलपं आणि किल्ल्या सात वेगवेगळ्या माणसांकडे, त्यात राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधानसुद्धा. तुम्ही दोरीला रेलून घरी व्हिडिओ कॉल लावा. स्पीकरवर. 'दिसतंय का? चर्च आहे, चर्च! बाबांची गोळी दिलीस का?' कोणी प्रार्थना करत असेल तर त्यालाही कळू दे गोळी दिली की नाही.

सोनेरी गल्लीत २२ नंबरच्या निळ्या घरापाशी रील करा. १९१६-१७ च्या हिवाळ्यात काफ्का तिथे लिहीत बसायचा, त्याच्या बहिणीने ते भाड्याने घेतलं होतं. खुराड्याएवढं घर. मला वाटतं शांततेसाठी येत असावा.

त्रडेलनिक खा. जुनं चेक पक्वान्न अशी पाटी असते, आइस्क्रीम भरलेलं असतं. तेव्हा जुनं असणारच.

पैसे युरोतच काढा आणि दुकानदाराने कोरुनात, म्हणजे तिथल्या चलनात, सुटे दिले की फसवलं म्हणून भांडा.

राहता राहिला जुना राजवाडा. तो टाळायचाच. आत व्लादिस्लाव हॉल आहे, साधारण १५०० सालचा. साठेक मीटर लांब, मध्ये एकही खांब नाही, छतावर दगडी फासळ्या वेलींसारख्या वळलेल्या. घोडेस्वारांचे सामने या दालनात व्हायचे, म्हणून बाहेरचा जिना रुंद आणि बुटक्या पायऱ्यांचा, घोड्यांना चढता यावा असा. राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी आजही तिथेच होतो. आणि त्याला लागूनच ती कचेरी, जिच्या खिडकीतून २३ मे १६१८ रोजी बोहेमियाच्या, म्हणजे आताच्या चेक मुलखातल्या, प्रोटेस्टंट सरदारांनी कॅथलिक बादशहाच्या दोन कारभाऱ्यांना, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या चिटणिसाला, खाली फेकून दिलं. तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले देवाच्या आईने झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले उकिरड्यावर पडले. तिथून तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटलं आणि अर्धा युरोप बेचिराख झाला.

माझ्या मावशीने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पुस्तकात या युद्धाला जेमतेम एक ओळ असायची, मावशी त्यावर अख्खा तास घ्यायची. टेबलावर खडूची पेटी ठेवायची, ही कचेरी, आणि तीतून एक एक करून तीन खडू जमिनीवर टाकायची. या सहलीत तिला बाकी काही नको होतं, ती खिडकी तेवढी बघायची होती. आम्ही टूर मॅनेजरला म्हटलं, आम्ही दोघी आमच्या पैशांनी तिकीट काढतो, आत जाऊन अर्ध्या तासात येतो. 'तसं नाही चालत मॅडम, ग्रुपमध्येच राहायचं. खाली लंच लागलंय. आणि ड्रायव्हरचे तास संपतात.' ड्रायव्हरचे तास! युरोपात नियम आहे, साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास थांबायचं. चांगला नियम आहे. पण हे तास फक्त राजवाडा म्हटलं की संपायला लागतात. येताना सुवेनिरच्या दुकानाशी गाडी अर्धा तास उभी होती, कारण एका कुटुंबाला नऊ मॅग्नेट एका रंगाचे मिळत नव्हते. तेव्हा तास कुठे गेले होते? आणि ग्रुप? ग्रुपमधल्या एकाने तरी म्हणावं, की जाऊ द्या त्यांना, आम्ही थांबतो? 'अहो, खिडकीत काय बघायचंय? आमचं जेवण गार होईल.' मानेला उशी अडकवलेले काका म्हणाले. नऊ मॅग्नेटवाले काका! जेवण काय होतं, तर पनीरची भाजी, पिवळं वरण, जिरा राइस, गुलाबजाम. व्हिएन्नात तेच. बुडापेस्टात तेच. ठाण्यातल्या कुठल्याही लग्नात तेच. त्या वरणासाठी मावशी राजवाड्याच्या दारातून मागे फिरली. काही बोलली नाही. त्या बुटक्या पायऱ्यांकडे बाहेरूनच बघत राहिली, तर मागून आवाज आला, 'आजी, जरा बाजूला व्हा, फोटो येतोय.'

आता सूचना पुरे.

अहो, व्हिसासाठी रांगेत उभं राहून बोटांचे ठसे देता. दोन-अडीच लाख मोजता. आणि चौदाव्या शतकातल्या दारापर्यंत पन्नास पावलं जात नाही? मग जाता कशाला? कंपनीला विचारा ना बुकिंगच्या वेळी, आत नेणार की बाहेरून दाखवणार, आणि आत किती वेळ. लेखी मागा. तोंडी 'सगळं कव्हर होतं' ऐकून चेक फाडू नका. कंपन्या लबाड आहेतच, पण त्यांना पक्कं माहीत आहे तुम्हाला काय हवंय. तुम्हाला देश मोजायचे असतात. पाच देश आठ दिवसांत म्हटलं की तुमचे डोळे चमकतात, मग प्रत्येक देशात फक्त फोटो स्टॉपच होणार, दुसरं काय होणार? तुम्हाला नसेल बघायचं तर बसा बाकावर, उन्हं खा, कोणी मारून नेत नाही तुम्हाला आत. पण ज्याला बघायचंय त्याला अर्धा तास देताना तुमच्या पोटात एवढं काय दुखतं?

शेवटच्या दिवशी बसमध्ये अभिप्रायाचे कागद वाटले. मी खिडकीचं सगळं लिहिलं, पाठपोट. कागद गोळा करून पुढे देताना बाकीच्यांचे दिसले. सगळीकडे 'एक्सलंट'वर खूण. तक्रारीच्या रकान्यात काकांनी लिहिलं होतं, प्रागच्या वरणात मीठ कमी. लाज वाटत नाही का हो?