नुसत्या फ्लेक्सवर भागत नाही

घरातलं माणूस गेलं की त्याच्याबद्दल चार ओळी तरी लिहून ठेवा, असं एका लेखात वाचलं, ते म्हणणं एकदम पटलं. स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ ला येरवडा तुरुंगात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांची नावं आमच्या सोलापुरात अजून घेतात, घ्यायलाच पाहिजेत. पण मागच्याच महिन्यात आमच्या गल्लीतले एक काका गेले, जन्मभर मागावर चादरी विणल्या, तुटलेला धागा न बघता नुसत्या बोटानं चाचपून गाठ मारायचे, आणि त्यांच्यासाठी काय तर चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स, त्यात पण पुढाऱ्याचा फोटो काकांपेक्षा मोठा. लय वाईट वाटलं. दहाव्याला जमलेली जुनी माणसं त्यांच्याबद्दल किती भरभरून बोलत होती, कुणीतरी ते मोबाईलवर रेकॉर्ड तरी करा की.