‘झगा घातला की प्राचार्य’ हे साफ चूक आहे

गोव्यात एक मजकूर वरचेवर फिरत असतो. पाद्री झाला की कॉलेजचं प्राचार्यपद आयतं मिळतं, सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, बायबलपलीकडे काही शिकवत नाहीत, आणि सरकारी पगार कर न भरता चर्चच्या तिजोरीत जातो. तिन्ही विधानं चुकीची आहेत, आणि पहिल्याने सर्वांत जास्त अन्याय होतो.

सेमिनरीचं आधी पाहू. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्याप्रमाणे किमान सहा वर्षांचा अभ्यास लागतो. त्यातली चार वर्षं ईश्वरविद्येची, पण दोन पूर्ण वर्षं तत्त्वज्ञानाची: तर्कशास्त्र, ज्ञानमीमांसा, नीतिशास्त्र, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास आणि आपल्याकडे भारतीय दर्शनंही. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा आहे ते कांदोळीचे आबे फारिया संमोहनासाठी ओळखले जातात. पण हा पाद्री फ्रान्समध्ये तत्त्वज्ञान शिकवत होता, हे आपण विसरतो.

आता प्राचार्यपद. नुसत्या सेमिनरीच्या अभ्यासावर कॉलेजात साधं सहायक प्राध्यापकही होता येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची एम.ए. ५५ टक्क्यांनी आणि वर नेट, सेट यांसारखी पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागते. प्राचार्यपदाची अट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत आहे: पीएच.डी., सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक हा दर्जा, एकूण १५ वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण. मानव्यविद्यांत एकट्याने लिहिलेल्या निबंधाला मूळ १० गुण मिळतात. म्हणजे नुसत्या मूळ गुणांवर दहा निबंध लिहूनही शंभरच होतात. उरलेल्या दहांसाठी आणखी एक निबंध किंवा राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेलं पुस्तक असं काहीतरी हवं. दोघांनी मिळून लिहिलं तर प्रत्येकाच्या पदरात ७० टक्केच पडतात. प्रवचनं, चर्चच्या पत्रिकेतले लेख यांना शून्य.

पाद्र्याची गाडी अडते ती पुढे. पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकालाही बढतीने सहयोगी दर्जापर्यंत पोचायला चार, पाच आणि तीन अशी बारा वर्षं लागतात. मधेच बिशपांनी चर्चच्या कामासाठी दुसरीकडे पाठवलं की ही साखळी तुटते. म्हणून तत्त्वज्ञानात चांगलं काम असलेले कितीतरी फादर प्राचार्य होतच नाहीत.

यात एक भाग खरा आहे, तो मान्य करायला हवा. घटनेच्या कलम ३०(१) मुळे अल्पसंख्याक संस्थेला आपला प्राचार्य निवडण्याची मुभा आहे, आणि संस्था अनुदानित असली तरी ती राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने मलंकारा सीरियन कॅथलिक कॉलेजच्या प्रकरणात सांगितलं. त्यामुळे पात्र ज्येष्ठ प्राध्यापकाला डावलून पात्र फादरची निवड होऊ शकते. त्यावर जरूर वाद घालावा. पण ही मुभा पात्र उमेदवारांपुरतीच आहे. किमान पात्रता ठरवण्याचा सरकारचा अधिकार त्याच निकालाने कायम ठेवला.

राहिला पगार. अनुदानित संस्थांतल्या पाद्री आणि सिस्टरांच्या पगारातूनही टीडीएस (पगार देतानाच कापायचा आयकर) कापलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. कर कापून उरलेली रक्कम दारिद्र्यव्रत घेतलेल्या संघीय (एखाद्या धर्मसंघाच्या) पाद्र्याची असेल तर त्याच्या संघाकडे जाते. धर्मप्रांतीय, म्हणजे थेट बिशपांच्या हाताखालचे, पाद्री हे व्रत घेत नाहीत, त्यामुळे पगार त्यांचा स्वतःचा असतो.