घुबड, आत्या आणि पाऊण ग्रॅम चांदी

प्राचीन ग्रीक नाणी जमवताना खिसा हलका होतो, त्याचं काही नाही. खरी परीक्षा असते घरी आलेल्या माणसाला ती दाखवण्याची. त्यातून माणूस म्हणजे आत्या असेल, आणि तिची हयात सराफकट्ट्यावर भाव करण्यात गेली असेल, तर विचारूच नका.

लंडनला आमच्याकडे राहायला आलेल्या आत्याच्या हातात मी अथेन्सचं चार ड्राक्मांचं नाणं दिलं. तिनं ते तळहातावर तोललं. "दीड तोळ्याला जरा कमी." तोळा अर्थात जुना, ११.६६ ग्रॅमचा. नाण्याचं वजन १७.२ ग्रॅम. आता काय बोलणार!

"मोडीत काढलं तर किती येतील?"

"आत्या, पंचम शतकातलं आहे गं. इसवी सनापूर्वी!"

"म्हणून तर विचारते. आणि पैशावर घुबड कसलं काढलंय?"

घुबड अथेना देवीचं, नाण्याच्या दुसऱ्या बाजूला तीच आहे, हे सांगून झालं. मग तिला देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा सापडेना. ठसा मोठा, चकती लहान, वरून हातोड्याचा घाव. तुरा बहुतेक वेळा बाहेरच राहतो. आत्याचा निर्णय: "कामचुकार माणसं."

विषय बदलावा म्हणून मी अथेन्सच्या लाव्रिओनमधल्या खाणींकडे वळलो. इ.स.पू. ४८३च्या सुमारास तिथं चांदीचं घबाड लागलं आणि माणशी १० ड्राक्मा वाटून टाकायचं घाटत होतं. थेमिस्टोक्लिस या अथेन्सच्या पुढाऱ्यानं शेजारच्या एजिना बेटाशी चाललेल्या भांडणाचं निमित्त पुढे करून त्या पैशातून युद्धनौका बांधायला लावल्या. पुढे ४८० मध्ये सलामिसच्या आरमारी लढाईत इराण्यांविरुद्ध त्याच कामी आल्या. आत्या प्रथमच प्रभावित झाली. "हातातोंडाशी आलेले पैसे सोडायला लावले? आमच्या सोसायटीत लिफ्टसाठी कोणी दमडी सोडत नाही."

पण मग तिला घुबडाच्या डोक्यावरची चीर दिसली. "हे फुटकं गळ्यात मारलंय तुझ्या. बदलून घे."

ही चीर म्हणजे कुणा जुन्या व्यापाऱ्यानं छिन्नीनं केलेली खातरजमा. आत तांबं आणि वरून चांदीचा पत्रा, असे उद्योग तेव्हाही जोरात होते. स्पार्टाशी झालेल्या पेलोपोनेशियन युद्धात तिजोरीत खडखडाट झाल्यावर खुद्द अथेन्सनंच असली नाणी पाडली, तिथं इतरांचं काय घेऊन बसलात? इ.स.पू. ३७५च्या सुमाराचा कायदा तर शिलालेखावरच आहे: भर बाजारात नाणी पारखायला सरकारी गुलाम बसवायचा. खोटं निघालं की त्यानं ते तिथल्या तिथं कापायचं. आणि तो जागेवर नसला, तर ५० फटके.

"गुलामाला फटके, आणि साहेबाला?" आत्यानं विचारलं. (माझ्याकडच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हा प्रश्न बरा होता.)

शेवटी मी ओबोल काढला. ड्राक्माचा सहावा भाग, वजन जेमतेम ०.७ ग्रॅम, करंगळीच्या नखावर मावेल एवढा. त्याच्यावरही घुबड आहेच, पण भिंगाशिवाय ते कबुतरही वाटू शकतं. अथेन्समध्ये ज्युरीत बसणाऱ्याला दिवसाला ३ ओबोल मिळत. कधी दोघांत मिळून एक ड्राक्मा हातावर टेकवत, की जा, बाजारात सुट्टे करा आणि वाटून घ्या. ॲरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४२२च्या नाटकात असाच एक म्हातारा ज्युरर फसतो. जोडीदार मासळीबाजारात ड्राक्मा मोडतो आणि याच्या हातावर ओबोल म्हणून बोय माशाची तीन खवलं ठेवतो. म्हातारा ती तोंडात टाकतो आणि वास येताच थुंकतो.

"बोयची खवलं असतात खरी तेवढी," आत्या म्हणाली. जन्म रत्नागिरीचा. "पण तोंडात कशाला?"

"सुट्टे पैसे तोंडातच ठेवायचे ते लोक. गालात धरायचे."

हे दाखवण्यासाठी मी गालाकडे बोट नेलं आणि ओबोल चिमटीतून निसटला. खाली गालिचा करडा, ओबोलही करडा. सोफा सरकवला, टॉर्च आणला, झाडू नको म्हणून ओरडलो, पोटावर झोपून फरशीच्या फटी पाहिल्या.

आत्या पाय वर घेऊन बसली होती. "तोंडात धरायचास ना मग."