"बस" म्हणजे नक्की काय?

मिरीला, आमच्या कुत्रीला, शेल्टरमधून आणून आज दोन महिने झाले. आणली तेव्हा पाच महिन्यांची होती, काळीकुळकुळीत, एक कान उभा एक पडलेला, अस्सल गावठी. (हो गावठीच, मला इंडी म्हणायला जीभ वळत नाही.) आणि या दोन महिन्यांत फुकटचे सल्ले इतके मिळाले की विचारू नका, त्यातले निम्मे एकच, "सुरुवातीलाच धाक बसव, बॉस कोण ते कळू दे तिला."

तर त्या धाकाबद्दलच लिहायचंय.

पहिला आठवडा आमच्या घरात शू सोडून दुसरा विषय नव्हता. लसी झालेल्या होत्या म्हणून लगेच खाली न्यायला सुरुवात केली. बागेत पाऊण पाऊण तास फिरवायची, ही सगळं हुंगणार, कावळ्यांकडे बघणार, बाकी काही नाही, आणि चौथ्या मजल्यावर वर आलो की किचनच्या फरशीवर तळं. शेजारचे काका म्हणाले नाक घासा त्यात, दोनदा घासलं की बंद. नाक नाही घासलं, पण ओरडले मी, खोटं कशाला बोलू, आणि चांगलीच ओरडले. झालं काय तर ती सोफ्यामागे जाऊन करायला लागली. तिला एवढंच कळलं की या बाईसमोर शू करायची नाही. आता खाली पट्टा धरून ही बाईच समोर उभी, मग करणार कशी बिचारी!

शेवटी शेल्टरच्या ताईंना फोन केला तेव्हा ट्यूब पेटली. मिरी वाढली ती पिंजऱ्यातल्या कोब्यावर. शू करायची जागा म्हणजे कडक, गार जमीन, हे तिच्या पायांना पक्कं माहीत, आणि आमची किचनची फरशी अगदी तश्शीच. गवत तर तिच्या गावीच नव्हतं. मग बाग सोडली, पार्किंगच्या मागच्या सिमेंटच्या पट्ट्यावर न्यायला लागले, घरची शू पुसलेला पेपर तिथे दगडाखाली ठेवायचा, आणि झोपून उठली की, खाल्लं की, खेळून झालं की, नाहीतर दर दोन तासांनी खाली. केली की तिथेच, लगेच, पनीरचा तुकडा तोंडात. घरी येऊन दिलात तर ती समजणार घरी आल्याचं बक्षीस मिळालं. मग तो पेपर रोज थोडा थोडा मातीकडे सरकवत नेला. आणि फिनाईलवर जाऊ नका, वास आपल्या नाकाचा जातो, तिच्या नाकाचा नाही, एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते आणा. तेराव्या दिवशी पहिल्यांदा गवतावर केली, मी खाली एकटीच टाळ्या वाजवत होते, वॉचमन बघत होता.

मध्ये एक ट्रेनरही लावून बघितला. साखळीचा गळफास घेऊन आला, आवाज चढवला, तर मिरी जमिनीला चिकटली आणि जागेवरच शू झाली. म्हणे बघा, मुद्दाम करते. अहो मुद्दाम कसलं, कुत्रं भेदरलं की असंच होतं, "मी लहान आहे, मला मारू नका" असं सांगणं असतं ते! दुसऱ्या दिवशी त्याला येऊ नका म्हणून कळवलं.

हे अल्फाचं, म्हणजे कळपात मारामारी करून एकजण बॉस होतो या समजुतीचं, भूत आलं कुठून माहितीये? १९४७ मध्ये श्केंकेल नावाच्या संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं. १९७० मध्ये डेव्हिड मीच (Mech) या लांडग्यांच्या अभ्यासकाच्या पुस्तकामुळे ते जगभर पसरलं. पुढे त्याच अभ्यासकाने रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, मारामारी करून कोणी बॉस झालेला नसतो. हे ट्रेनरांपर्यंत पोचायला अजून किती वर्षं लागणार देव जाणे. आणि मुळात कुत्रा म्हणजे लांडगा नाही, ते वेगळंच!

खरं ट्रेनिंग लागलं ते आम्हाला. लेक म्हणते सिट, नवरा म्हणतो बैस, मी म्हणते बस, आणि सासूबाई पानात भात वाढताना म्हणतात "बस बस बस!" पहिल्यांदा असं झालं तेव्हा मिरी डायनिंग टेबलाखाली पटकन बसली आणि वर बघत राहिली की माझं पनीर कुठाय. म्हणून घरात ठराव झाला, मिरीसाठी सगळ्यांनी "सिट", भातासाठी "पुरे". ठराव सगळ्यांनी पाळला, सासूबाई सोडून. त्यात "कुत्र्याला पानातलं देऊ नका" असं सगळ्यांना बजावणाऱ्याही त्याच, पण बरोबर साडेबाराला मिरी त्यांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूलाच का जाऊन बसते? टेबलाखालून पोळीचा तुकडा येतो म्हणून. विचारलं तर "मी कुठे शिकवलं?" अहो आई, आमच्यात सगळ्यात चांगलं तुम्हीच शिकवलंत, रोज तीच वेळ, तीच जागा, न ओरडता!

आता राहिलीये लिफ्ट. दार उघडलं की चारही पाय रोवून उभी राहते. सध्या दार उघडं ठेवून उंबऱ्यावर पनीर, मग एक पाऊल आत, की परत बाहेर, असं चाललंय, आणि तोवर चार मजले दिवसातून सहा वेळा जिन्याने, माझे गुडघे बोलायला लागलेत. कोणी यातून गेलं असेल तर कमेंटमध्ये सांगा. फक्त "ओढून आत घ्या" सांगणाऱ्यांनी आधी चार मजले चढून यावं.